मी नाकारलेल्या मुलाचं गाणं

मिलिंद, आज सकाळी तू परत गायलास.

शेजारच्या काकूंनी भजनांची कॅसेट लावली होती. भजनं संपली, टेप नुसतीच फिरत राहिली, थोडी खरखर झाली आणि मग तुझी ती गिटार. मी चहा गाळत होते. गाळणं हातात तसंच राहिलं आणि चहा ओट्यावरून खाली गेला. काकूंच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी भिंतीपलीकडून विचारलं, "शालिनीबाई, बंद करू काय गं?" मी म्हटलं, "राहू दे काकू, संपतंयच आता." त्यांनी आवाज मात्र कमी केला. गेलेल्या माणसाचा आवाज मोठ्यानं लावू नये असं त्यांना वाटलं असेल. पण मला मोठ्या आवाजातल्या तुझी भीती वाटत नाही. मोठ्यानं गातोस तेव्हा तू कॅसेटमध्ये असतोस. हळू गायलास की पलीकडच्या खोलीत बसलायस असं वाटतं, आणि मी उठून बघायला जाते.

परगावच्या माणसाला हे सांगून पटणार नाही. निपाणीत स्टँडसमोरच्या कॅसेटवाल्याला आपण गाणी सांगायची आणि तो कोऱ्या कॅसेटवर ती भरून द्यायचा. बाजू संपता संपता तीन-चार मिनिटांची टेप उरायची. तेवढ्यात दुसरं गाणं पुरं मावायचं नाही, आणि टेप मोकळी ठेवली तर गिऱ्हाईक म्हणायचं, कमी भरलंय. तुझं गाणं त्या जागेत बरोब्बर बसायचं. मग त्यानं ते सगळ्यांच्याच कॅसेटच्या शेवटी भरलं. भजनांच्या, पाळण्यांच्या, भीमगीतांच्या, लग्नातल्या सनईच्या शेवटी तू. ज्या गाण्याला एकाही कंपनीनं हात लावला नाही ते असं चिकोडीपासून संकेश्वरपर्यंत घरोघरी गेलं. "मी उरलेल्या जागेतला गायक हाय," असं तू सांगत फिरायचास आणि आपण पोट धरून हसायचो. आता ते हसणं माझ्या अंगाशी आलंय. ह्या गावात कुठलीही कॅसेट शेवटपर्यंत ऐकायची म्हणजे तुला ऐकायचं.

काल तुझ्या मागं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तिथं मी जे केलं ते तुला सांगायचं आहे. पण त्याआधी थोडं भांडून घेते. तू अर्ध्यावर सोडून गेलायस, आणि अर्धं राहिलेलं भांडण एकटीनं संपवणं फार अवघड असतं रे.

तू मला बघायला आलास ते आणीबाणी नुकतीच उठली होती तेव्हा. संकेश्वरला आमच्या घरी. बँकेतला मुलगा, आपल्या समाजातला, निपाणीचा! आमच्या अण्णांनी आदल्या दिवशी भिंतींना चुना लावला होता, आणि तो अजून ओला असल्यामुळं तुझ्या मामांच्या कोटाला मागून पांढरा पट्टा उठला. मला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, चालून दाखवायला लावलं. मग मामा म्हणाले, "गाणं म्हण बघू एक." मला गाणं येत नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या. मी मान खाली घालून बसले, आणि तू एकदम म्हणालास, "मी म्हणतो की," आणि म्हटलंससुद्धा! बघायला आलेला मुलगाच गाऊन दाखवतो हे आमच्या गल्लीनं पहिल्यांदा पाहिलं. खिडकीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी मात्र हसायचं विसरून तुझ्याकडं बघत राहिले होते.

पोहे झाल्यावर तू हात धुवायला मागच्या दारी आलास. पाव्हण्यांच्या हातावर पाणी घालायचं काम मुलीचंच. मी तांब्या वाकवला आणि तू हात चोळत, माझ्याकडं न बघता म्हणालास, "मला नकार द्या."

"काय?"

"माझ्याकडनं नकार आला तर तुमचंच नाव खराब हुतंय. पोरीत काय तरी खोट हाय म्हंत्यात. तुमी नकार द्या. मला काय हुत न्हाय."

"कारण काय सांगू?"

तू क्षणभर विचार केलास. "काळा हाय म्हणा. नाक फेंदारलेलं हाय म्हणा. न्हायतर पोहे लई खातोय म्हणा." आणि खरंच, आत जाऊन तू आणखी एक बशी पोहे घेतलेस.

मी नकार दिला. का दिला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. इतक्या सभ्यपणे आजवर मला कुणी काही मागितलं नव्हतं, म्हणून असेल. अण्णा माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. आक्का म्हणाली, "तुला कोण राजपुत्र येणार हाय?" आणि आपल्या लोकांत बातमी पसरली की शालीनं बँकेतलं पोरगं परत पाठवलं, लई शेफारलीय. त्यानंतर दोन स्थळं आली. दोन्हीकडचे लोक आमच्या घरात बसून मला बघण्याऐवजी, बँकवाल्याला नाकारणारी ही कोण बया, तेच बघत होते.

पुढं निपाणीच्या मराठी शाळेत माझी नेमणूक झाली. पगारासाठी बँकेत खातं उघडायला गेले तर खिडकीत तू. मला मागं फिरायलाही जागा नव्हती, रांग दारापर्यंत होती. तू माझा कागद घेतलास, वर बघितलंस आणि मोठ्यानं विचारलंस, "बाई, आज तरी सही करणार, का आज पण नापसंत?" रांगेतले लोक हसले. मी तोंड पाडून सही केली. संध्याकाळी गल्लीत गेल्यावर एकटीच खदाखदा हसले. त्या दिवशी मला निपाणी आवडायला लागली.

खरं तू मला सांगितलंस ते शाळेच्या गॅदरिंगच्या वेळी. मुलांचं गाणं बसवायला मी तुला बोलावलं होतं. मुलं घरी गेली होती, तू पेटीचा भाता बांधत होतास आणि मी फळा पुसत होते. तंबाखूचा हंगाम होता, दर दोन मिनिटांनी आपण शिंकत होतो. शिंका आवरत तू म्हणालास, "मास्तरीणबाई, तुमास्नी एकदा कारण सांगायचं राहिलंय."

"कशाचं?"

"नकाराचं. मला पोरी आवडत न्हाईत. लग्नासाठी, म्हंजे. मला पहिल्यापास्नं पोरगंच आवडतंय."

हातात डस्टर धरून मी उभी राहिले. असं काही असतं हे मला अर्धवट ऐकून माहीत होतं, शिव्यांमधून. पण समोर बसलेला माणूस शिवीसारखा दिसत नव्हता. तो पेटीच्या पट्ट्याला गाठ मारत होता आणि गाठ काही केल्या बसत नव्हती. मला सुचलं ते मी बोलले, "मग पोहे दोनदा कशाला खाल्लेस?"

तू इतका हसलास की शिपाई धावत आला. नंतर कधीतरी म्हणालास, तुला वाटलं होतं मी डस्टर फेकून मारेन. त्या दिवसापासून आपण एकमेकांना अरे-तुरे करायला लागलो.

तू लहानपणीचं सांगायचास ते मला अजून तुझ्या आवाजात ऐकू येतं. तू आठवीत असताना तुझ्या आत्यानं तुझ्या आईला सुचवलं होतं, "ह्याला एकदा सौंदत्तीला घिऊन जा. यल्लम्मा बोलावतीया त्याला." जोगत्या करावा म्हणजे सगळ्यांचीच सुटका. तुझे वडील तंबाखूच्या वखारीत ओझी उचलून थकून आले होते. ते जेवता जेवता म्हणाले, "आमी देव सोडल्यात. पोरगं बी देवाला दिणार न्हाय." एवढ्यावर विषय मिटला. "दीक्षेचा सगळ्यात मोठा फायदा मलाच झाला," असं तू म्हणायचास. पण मग गंभीर व्हायचास. "जोगत्यांची मला लाज न्हवती गं. त्यास्नी मान हुता, जागा हुती. पण मी त्यो न्हवं. मला लुगडं नको हुतं. मला आमच्या वर्गातला गोलंदाज पायजे हुता."

आणि मग ते गाणं.

तू बेळगावच्या ऑर्केस्ट्रात गायचास, शनिवार-रविवार, गणपतीत तर रोज. सगळी दुसऱ्यांची गाणी. एक दिवस शाळेच्या व्हरांड्यात येऊन म्हणालास, माझं एक झालंय. आणि बाकावर ताल धरून गायलास. मला चाल कळत नाही, पण माझा पाय हलत होता हे मला कळलं.

आरशापुढं बसून मी, पाव्हणा होऊन पाहिलं मला,
नाव विचारलं, गाव विचारलं, लाजत लाजत सांगितलं मला.
कुणी म्हणालं असा कसा, कुणी म्हणालं तसा कसा,
पसंत आहे, पसंत आहे, मी मला पसंत आहे!

दुसरं कडवं तू हळू म्हटलंस. पोरं सांगायची पोरींची नावं, मीही एक खोटंच घेतलं. खरं नाव जिभेवर आलं, पाण्यासंगं गिळून टाकलं. ते संपल्यावर बाकावरचा तुझा हात थांबला. मी तुला म्हटलं, "मिलिंद, लोकांना कळेल." तू म्हणालास, "कळावं म्हणूनच लिवलंय की."

कोल्हापूरला एका खोलीत, भिंतींना गाद्या टांगून, तुमच्या ऑर्केस्ट्रातल्या पोरांनी ते भरलं. गिटार, बोंगो आणि मागं टाळ्या. त्या टाळ्यांमध्ये मी आहे. तू मला मुद्दाम घेऊन गेला होतास आणि मी तिथंही ताल चुकवला. "राहू दे," तू म्हणालास, "माझ्या गाण्यात एक तरी माणूस चुकीचा पायजे." आज सकाळी काकूंच्या कॅसेटवर ती चुकलेली टाळी मला स्पष्ट ऐकू आली.

तू लोकांना कळावं म्हणून लिहिलंस आणि लोकांना काय कळलं? आपल्याकडच्या लोकांची कमाल आहे! ज्यांनी मला बघायला आलेल्यांच्या कोटाचा चुना लक्षात ठेवला होता, ते हे विसरतील? नकार कुणी दिला? शालीनं. गिळलेलं नाव कुणाचं? शालीचं. बिचाऱ्याला मास्तरणीनं नाकारलं, म्हणून पोरगं आरशापुढं बसून स्वतःची समजूत घालतंय. सगळी निपाणी तुझ्यासाठी हळहळली. भाजीवाल्या बायका मला मुद्दाम जून भेंडी द्यायच्या. तुझी आई रस्त्यात दिसली की तोंड फिरवून जायची. मी तुला म्हणायचे, आता तरी खरं सांग. तू म्हणायचास, "मी चौकात उभा राहून गायलोय. आणखी किती सांगू?" तेही खरंच होतं. तू लपवलं नव्हतंस. लोकांनीच तुझ्यापुढं मला उभं केलं होतं.

आणि मला ते आवडत होतं. हे तुला कधी सांगितलं नाही. जून भेंडीसकट आवडत होतं. माझं नाव तुझ्या नावाशी जोडलेलं ऐकलं की वरून मी चिडायचे.

तंबाखूच्या वखारीतल्या बायका काडी-पत्ती वेगळी करताना ते गाणं म्हणतात, हे तुला मीच सांगितलं. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई तिथं होती. रंगावरून, उंचीवरून, हुंड्यावरून परत पाठवलेल्या पोरी, टाकून दिलेल्या बायका, सगळ्या मिळून "मी मला पसंत आहे" म्हणायच्या. तू दुपारच्या सुट्टीत वखारीच्या भिंतीबाहेर जाऊन ऐकून आलास. डोळे लाल. तंबाखूनं, म्हणालास. "माझं गाणं त्यास्नी अगदी मापात बसलं गं," एवढंच बोललास आणि बँकेत परत गेलास. त्या दिवसानंतर मीसुद्धा केस विंचरताना आरशात जरा जास्त वेळ बघायला लागले. तोवर आरशातल्या बाईकडं मी दुसऱ्यांच्या नजरेनंच बघत आले होते. हे तुझे उपकार आहेत, आणि ते मी इथं जाहीर मान्य करते.

मग तुझ्या आयुष्यात प्रभाकर आला, खानापूरचा. लाकडाच्या वखारीत कामाला, बोलायला कमी, हात हे एवढे मोठे. खानापूरला तुमचा कार्यक्रम होता, पाऊस आला आणि ह्या माणसानं स्वतःच्या वखारीतली ताडपत्री आणून तुमच्या वाद्यांवर घातली. तू ताडपत्रीचं वर्णन असं करायचास की जणू पैठणीच. मी त्याला दोनदा भेटले. मला तो आवडला नाही. अजूनही फारसा आवडत नाही. तू बोलत असलास की तो जेवायचा थांबायचा आणि तुझ्याकडं बघत बसायचा. तसं मला कधी करता आलं नाही, मला कुणीतरी बघेल अशी भीती असायची.

आता भांडण. संकेश्वरच्या रस्त्यावरचं ते रसाचं दुकान. अण्णांना जाऊन वर्ष होत आलं होतं, आक्का रोज एक बिजवर शोधून आणत होती, आणि तुझ्या घरीही आई हट्टाला पेटली होती. घुंगरांचा आवाज चालू होता, त्यामुळं मला बोलायला धीर आला. मी म्हटलं, "आपणच करूया की लग्न. तुझे पाव्हणे गप्प, माझे पाव्हणे गप्प. तू रविवारी खानापूरला जा, मी विचारणार नाही. माझी तेवढीच सोय होईल."

तू ग्लास खाली ठेवलास. मग म्हणालास, "मी गाणं म्हटलंय, शाले. आता त्ये खोटं कसं पाडू?"

"गाणं काय, गाणं! लोकांना तसंही ते माझंच वाटतंय."

"म्हणूनच. आज त्यास्नी वाटतंय. लगीन केलं तर त्ये खरंच हुईल. मग वखारीतल्या बायकास्नी मी काय तोंड दाखवू? आणि तुला नुस्ती सोय कशाला? तुला पसंत करणारा कुणी तरी मिळंल की."

"मला सोयच पाहिजे," मी म्हटलं.

माझ्या सगळ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोलायला मला रसवाल्याकडची पडकी खुर्ची मिळाली. तू माझ्याकडं बघितलंस. तुला कळलं होतं का रे? मला दुसरं काही नको, एवढंच सांग. कळलं असेल आणि तू न कळल्यासारखं केलं असशील, तर ते दयाळूपणानं केलंस की भीतीनं? मी ह्यावर गेले दहा दिवस तुझ्याशी भांडते आहे आणि तू नुसता प्रत्येक कॅसेटच्या शेवटी येऊन गातोस.

त्यानंतर आपण बोलत नव्हतो. मी पगार काढायला शिपायाला पाठवायचे. शेवटी चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत तू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा राहून गात होतास, आणि मी निळा फेटा बांधलेल्या माझ्या वर्गातल्या मुलांना रांगेत चालवत होते. गाणं मध्येच थांबवून तू माईकवरून म्हणालास, "मराठी शाळेच्या बाईंनी पोरास्नी पाणी पाजावं, ऊन लई हाय." अख्ख्या मिरवणुकीसमोर! मी पाणी पाजलं. एक ग्लास तुला वर दिला. भांडण तिथं मिटलं असं आपण दोघं धरून चाललो.

बेळगावच्या दवाखान्यात मी तुला बघितलं तेव्हा तुझे डोळे पिवळे होते, नखं पिवळी होती. तुझी आई शहाळं आणायला खाली गेली होती. तू हात वर करून दाखवलास आणि म्हणालास, "बघ मास्तरीण, शेवटी हळद लागलीच मला."

मी म्हटलं, असलं अभद्र बोलू नकोस. पण हसले. हसले ह्याची मला आता रात्रंदिवस बोचणी आहे, आणि न हसते तर तू रुसला असतास. मग तू आवाज खाली आणलास. "प्रभाकर फाटकापर्यंत येऊन परत गेला. कोण म्हणून सांगायचं आत? माझं काय झालं तर त्याला दारात उभं करू नकोस."

"तुला काही होत नाही."

"शाले, त्याला दारात उभं करू नकोस."

आई शहाळं घेऊन आली. मला जे बोलायचं होतं ते घशात आलेलं होतं, ते शहाळ्याच्या पाण्याबरोबर खाली गेलं. तू अर्धं प्यालास आणि उरलेलं मला दिलंस. दोन दिवसांनी तू नव्हतास.

तुला घरी आणलं तेव्हा तुझ्या आईनं सगळ्यांसमोर माझ्या दंडाला धरलं. "तुझ्यापायी माझ्या पोरानं संसार केला न्हाय. तुझ्यापायी!" कसं सांगू तुला, त्या क्षणी मला बरं वाटलं. रडायचा हक्क मिळाल्यासारखं. बायकांनी मला बाजूला घेतलं, पाणी दिलं, पदर सावरला. तुझी कुणी नसलेली मी तुझ्या अंगणात विधवेसारखी रडले आणि कुणाला वावगं वाटलं नाही.

तेव्हापासून तू ह्या घरातून हलत नाहीस. वर्गात पाढे म्हणताना मागच्या बाकावरून ताल येतो. पिठाच्या गिरणीत तू आहेस, कासाराच्या दुकानात आहेस. परवा एका लग्नात सनई संपली आणि मांडवातली पोरंटोरं तुझ्या गाण्यावर नाचायला लागली. तू गेलायस हे त्यांना माहीतच नव्हतं. मी जेवणाच्या पंगतीतून उठून आले.

आता कालचं सांगते.

पांढऱ्या कपड्यांत सगळे जमले होते. टेबलावर तुझा फोटो, ऑर्केस्ट्रातला, कोटवाला. त्रिशरण, पंचशील झालं. बौद्धाचार्य म्हणाले, आता घरच्यांनी पुष्प वाहावं, मग बाकीच्यांनी. आई उठली. आणि सगळ्यांसमोर तिनं मला हाक मारली, "ये गं. त्या दिवशी मी लई बोलले तुला. तू त्याची झाली असतीस तर आज हितं म्होरं असतीस. ये, तुझं फूल पयलं."

तिनं माझ्या हातात पांढरं फूल दिलं. मिलिंद, मला ते पाहिजे होतं. तुझ्या आईच्या हातून, सगळ्या समाजासमोर, तुझ्या फोटोच्या जवळची पहिली जागा. आयुष्यात ह्यापेक्षा जास्त मला मिळणार नव्हतं आणि ह्याच्या जवळपाससुद्धा आजवर काही मिळालं नव्हतं. मी दोन पावलं पुढं गेले.

दारात चपलांच्या ढिगाजवळ प्रभाकर उभा होता. आत यायचं की नाही ते न कळून. तुझ्या बँकेतले लोक त्याच्या अंगावरून आत-बाहेर करत होते. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेली फुलं होती, खानापूरहून गाडीत आणलेली, चेंगरलेली. तो फोटोकडं बघतसुद्धा नव्हता. जमिनीकडं बघत होता, जणू वर बघितलं तर त्याला कुणी हाकलून देईल.

मी परत फिरले. दारापर्यंत गेले आणि त्याला म्हटलं, "चला आत." त्यानं मान हलवली, नको म्हणून. मी त्याचं मनगट धरलं. एवढा मोठा हात, पण ओढल्यावर लहान मुलासारखा आला. सगळी खोली बघत होती. फोटोपुढं नेऊन मी त्याला उभं केलं आणि आईला म्हटलं, "आई, पहिलं फूल ह्यांचं."

"ह्यो कोण?"

"मी मिलिंदला आपणहून नाकारलं नव्हतं, आई. त्यानंच मला सांगितलं होतं, नकार द्या म्हणून. त्याला लग्न करायचं असतं तरी ते माझ्याशी नसतं. त्यानं गाण्यात सगळं सांगितलं होतं, आपण ऐकलं नाही. त्याचं माणूस हे आहे."

कुणीतरी खोकलं. तुझ्या मामांनी खुर्ची मागं सरकवली, आणि ती तशीच राहिली. बौद्धाचार्य पुस्तकाकडं बघत होते. आई प्रभाकरकडं बघत होती. त्याच्या डोळ्यांकडं, मग हातांकडं, मग त्या चेंगरलेल्या फुलांकडं. मला वाटलं ती आता ओरडेल. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "खानापूरचा न्हवं तू? दवाखान्याच्या फाटकापाशी तीन दिवस बसला हुतास. मी शहाळं आणाय जाताना बघितलं तुला, गाव बी इचारलं हुतं." आणि मग सतरंजीवर बाजूला सरकली. "वाहा फूल. मग हितं बस, माझ्याजवळ."

त्यानं फुलं ठेवली. त्याला नीट ठेवता येईनात, अर्धी खाली पडली. तो गुडघ्यावर बसून ती वेचत राहिला आणि आईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तुझं मागणं पुरं झालं रे. दारात कुणी उभं राहिलं नाही.

मी मागं सरकत होते. बायकांमध्ये जाऊन बसावं, संपलं आपलं, असा विचार करत. माझ्या हातातलं फूल मी तसंच धरलं होतं. तेवढ्यात आईनं मान वळवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "आणि मग तू कोण गं त्याची?"

खोटं बोलायला जागा होती. मैत्रीण म्हणता आलं असतं, शाळेतली बाई म्हणता आलं असतं. प्रभाकरनं फुलं वेचायचं थांबवून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मी त्याची कुणी नाही, आई. पण मला मुलगा पसंत होता."

खोलीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. तेवढा तूच नव्हतास.